श्रेष्ठ कोणता? : रॉक बँड, लाइव्ह अल्बम आणि वाद करण्याची रीत



ज्या विषयावर दोन तरुण तहानभूक विसरून तासभर भांडूं शकतात, त्या विषयाकडे शिक्षकानें पाठ फिरवूं नये. मधल्या सुटींत कान दिला म्हणजे मुलें कोणत्या गोष्टीविषयीं पोटतिडकीनें बोलतात हें सहज कळतें. क्रिकेट तर असतेंच. पण त्याच्या जोडीला एक जुना विषय नव्यानें ऐकूं येतो. पन्नास वर्षांपूर्वींच्या इंग्रज व अमेरिकन रॉक बँडांपैकीं श्रेष्ठ कोणता, आणि कोणाचा लाइव्ह अल्बम सर्वांत सरस? कित्येक घरीं हा वाद वडील व मुलगा यांच्यामध्येंच चालतो. कारण जें संगीत वडिलांनीं कॉलेजांत असतांना ऐकलें, तेंच आज मुलगा मोबाइलवर ऐकत असतो. वाद करण्यांत वावगें असें कांहींच नाहीं. वाईट एवढेंच, कीं अशा वादांतून दोघेहि उठतात ते पूर्वींच्याच मतानें आणि थोड्या अधिक रागानें. म्हणून इतिहासाचा एखादा धडा अभ्यासावा त्याप्रमाणें या विषयाचा अभ्यास करून पाहूं. आधीं वस्तुस्थिति, मग मत, असा क्रम ठेवूं.

शब्दांचा अर्थ आधीं ठरवावा

रॉक बँड म्हणजे साधारणतः तीन ते सहा वादक-गायकांचा संच. त्यांत विजेवर चालणारी गिटार, खर्जाचा आधार देणारी बेस गिटार व ड्रम हीं मुख्य वाद्यें. क्वचित् ऑर्गन अथवा पियानोहि असतो. १९६० नंतरच्या सुमारें वीस वर्षांत या संगीताचा जो बहर आला, त्याला मागाहून ‘क्लासिक रॉक’ हें नांव पडलें.

या बँडांचे अल्बम मुख्यतः दोन प्रकारचे असतात. स्टुडिओ अल्बम बंद खोलींत तयार होतो. तेथें एक भाग वाजवून तो फितीवर घ्यावयाचा, त्यावर दुसरा चढवावयाचा, चुकलें तें पुसून पुन्हां वाजवावयाचें, अशी सोय असते. लाइव्ह अल्बम म्हणजे श्रोत्यांपुढें झालेल्या कार्यक्रमाचें ध्वनिमुद्रण. त्यांत टाळ्या, आरोळ्या व चुकाहि आल्या. आपल्याकडील संगीताची ज्यांना ओळख आहे त्यांस हा भेद नवा नाहीं. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेंच मावत. तेवढ्यांत मोठमोठे गवई संपूर्ण राग आटोपशीर मांडीत. तोच राग रात्रीच्या मैफलींत तासभर चाले. तबकडी खरी कीं मैफल खरी, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण म्हणूं कीं दोन्ही खऱ्या; त्यांचीं कामें निराळीं.

आतां ‘श्रेष्ठ’ हा शब्द पाहा. त्यांत निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. बँड श्रेष्ठ आहे काय? त्या विवक्षित रात्रीचा कार्यक्रम श्रेष्ठ झाला काय? आणि आपल्या हातीं आलेली ध्वनिमुद्रिका श्रेष्ठ आहे काय? उत्तम बँडची उत्तम रात्र वाईट ध्वनिमुद्रणामुळें वायां गेली असेल. उलट एखादी सामान्य रात्र मागाहून स्टुडिओंत डागडुजी करून देखणी केली असेल. एक जण पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतो, दुसरा तिसऱ्याचें. आणि दोघांनाहि वाटतें कीं समोरचा हट्टी आहे. निम्मे वाद येथेंच निर्माण होतात.

स्टुडिओचा पक्ष

स्टुडिओच्या बाजूनें पहिला साक्षीदार बोलवावा तो बीटल्स. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्यें त्यांनीं ५५,००० हून अधिक श्रोत्यांपुढें कार्यक्रम केला. त्या काळचे ध्वनिवर्धक एवढ्या जनसमुदायास पुरे पडणारे नव्हते, आणि श्रोत्यांच्या किंकाळ्या तर अखंड चालूं होत्या. अशा कार्यक्रमांत वादकांना स्वतःचेंच वाजविणें धड ऐकूं येत नसे. ड्रम वाजविणारे रिंगो स्टार यांना सोबत्यांच्या हालचाली पाहून गाणें कोठपर्यंत आलें हें ताडावें लागे. ज्या संगीतकाराला आपलेंच संगीत ऐकूं येत नाहीं, तो त्यांत सुधारणा कशी करणार?

१९६६ च्या ऑगस्टमध्यें त्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम निघाला. त्याच महिन्यांत ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पण त्या दौऱ्यांत या नव्या अल्बममधील एकहि गाणें त्यांनीं रंगमंचावर म्हटलें नाहीं. स्टुडिओंत निर्माण झालेले ते आवाज चार माणसांनीं व्यासपीठावर उभें राहून काढणें त्या वेळीं फार अवघड होतें. २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्यें त्यांचा तिकीट लावून झालेला शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर नोव्हेंबर १९६६ पासून एप्रिल १९६७ पर्यंत लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओंत बसून त्यांनीं ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम तयार केला. त्यांतील शेवटच्या गाण्यासाठीं चाळीस वादकांचा वृंद बोलाविला होता, आणि हें सर्व काम एका वेळीं चारच पट्टे घेणाऱ्या यंत्रावर झालें. येथें स्टुडिओ ही केवळ खोली राहिली नाहीं. तें एक वाद्यच झालें.

तेव्हां ‘जो रंगमंचावर वाजवूं शकत नाहीं तो बँड खोटा’ असें जे म्हणतात, त्यांनीं या अल्बमचें काय करावयाचें हें सांगितलें पाहिजे. बीटल्सच्या १९६४ व १९६५ सालच्या हॉलीवुड बोल येथील कार्यक्रमांचें ध्वनिमुद्रण झालें होतें. परंतु तें कित्येक वर्षें तसेंच पडून होतें व १९७७ सालीं बाहेर आलें. त्यांतला उत्साह मन वेधून घेतो. पण त्यावरूनच बीटल्सची योग्यता ठरवावी असें त्यांचा कट्टर चाहताहि म्हणणार नाहीं.

मैफलीचा पक्ष

आतां दुसरी बाजू. इंग्लंडच्या ‘द हू’ या बँडनें १९६९ सालीं ‘टॉमी’ नांवाची एक दीर्घ संगीतकथा स्टुडिओंत रचली व मोठा मान मिळविला. परंतु त्यांना रंगमंचावर पाहिलेले लोक म्हणत कीं खरा बँड तबकडींत उतरलेलाच नाहीं. म्हणून १४ फेब्रुवारी १९७० रोजीं लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहांत झालेला त्यांचा कार्यक्रम मुद्रित करण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं हल येथील कार्यक्रमहि मुद्रित झाला. पण तेथें कांहीं गाण्यांत बेस गिटारचा आवाज फितीवर उतरलाच नाहीं असें दिसलें, म्हणून लीड्सचाच अल्बम निघाला. त्याचें नांव ‘लाइव्ह ॲट लीड्स’.

त्यांत प्रथम सहाच गाणीं होतीं, आणि त्यांपैकीं तीन तर दुसऱ्यांचीं. वेष्टण साध्या खाकी रंगाचें, त्यावर शिक्का मारल्यासारखें नांव. जणूं एखादी चोरून छापलेली तबकडी. फितीवर कांहीं ठिकाणीं खरखर उतरली होती. ती दोष नव्हे, दुरुस्त करूं नये, अशी सूचना तबकडीच्या लेबलावरच छापली होती. ‘माय जनरेशन’ हें त्यांचें १९६५ सालचें गाणें मूळ तबकडींत सवातीन मिनिटांच्या आसपास आहे. लीड्सला तेंच चौदा मिनिटांवर गेलें, आणि त्यांत ‘टॉमी’मधील सुरावटीहि येऊन मिसळल्या. एक गिटार, एक बेस, एक ड्रम व एक गायक, एवढ्याच सामग्रीवर हा डोलारा उभा आहे. पुढें १९९५ सालीं या अल्बमची विस्तृत आवृत्ति निघाली, व २००१ सालच्या आवृत्तींत त्या रात्रीं गाइलेला ‘टॉमी’हि समाविष्ट झाला.

याहूनहि विचार करावयास लावणारें उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागांतील ‘ऑलमन ब्रदर्स बँड’ याचें आहे. १२ व १३ मार्च १९७१ या दोन रात्रीं न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहांत त्यांचे कार्यक्रम झाले, आणि त्यांतून निवडून ‘ॲट फिलमोर ईस्ट’ हा दोन तबकड्यांचा अल्बम त्याच वर्षीं जुलै महिन्यांत निघाला. ‘व्हिपिंग पोस्ट’ हें त्यांचें गाणें १९६९ च्या स्टुडिओ अल्बममध्यें पांच मिनिटांच्या थोडें पुढें जातें. येथें तें तेवीस मिनिटांचें होऊन तबकडीची अख्खी एक बाजू व्यापतें.

लांबी हा कांहीं गुण नव्हे. कंटाळवाणें भाषणहि लांबच असतें. पण येथें त्या लांबीचा उपयोग काय केला आहे तें ऐकावें. ड्वेन ऑलमन व डिकी बेट्स हे दोन गिटारवादक, दोन ड्रमवादक, बेस गिटारवर बेरी ओकली, आणि ऑर्गन व गायन ग्रेग ऑलमन यांचें. असे सहा जण एकाच वेळीं वाजवीत असतां कोणीहि दुसऱ्याच्या अंगावर जात नाहीं. एकानें एखादी सुरावट टाकली कीं दुसरा ती उचलतो, वळवितो व परत करतो. मध्येंच सर्व जण इतके हळू होतात कीं सभागृहांतील एखाद्या श्रोत्याची हांकहि ऐकूं येते. हें पूर्वीं लिहून ठेवलेलें नव्हतें. एकमेकांचें ऐकत ऐकत तें त्या क्षणीं घडलें. स्टुडिओंत एकेक भाग निरनिराळ्या दिवशीं चढविला असता, तर ही देवघेव साधली नसती.

शिवाय काळानें या अल्बमला आणखी एक मोल दिलें. तो बाजारांत येण्यापूर्वींच, २७ जून १९७१ रोजीं, फिलमोर ईस्ट कायमचें बंद झालें. आणि २९ ऑक्टोबर १९७१ रोजीं ड्वेन ऑलमन मोटारसायकलच्या अपघातांत वारले. तेव्हां त्यांचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. पुढच्या वर्षीं बेरी ओकली यांचाहि तसाच अंत झाला. नाट्यगृह गेलें, माणसें गेलीं. त्या दोन रात्रींचा आवाज तेवढा राहिला.

सीमारेषा पुसट होते तेथें

एवढ्यावरून ‘स्टुडिओ म्हणजे कृत्रिम आणि लाइव्ह म्हणजे अस्सल’ असा सरळ निष्कर्ष काढावा असें वाटेल. थोडें थांबावें.

डीप पर्पल या इंग्रज बँडला १९७१ च्या डिसेंबरमध्यें स्टुडिओबाहेर, रंगमंचासारख्या मोकळ्या वातावरणांत अल्बम करावयाचा होता. त्यासाठीं त्यांनीं स्वित्झर्लंडमधील मोंत्रो गांवचें कॅसिनो ठरविलें व रोलिंग स्टोन्स या बँडची ध्वनिमुद्रणाची फिरती गाडी भाड्यानें आणली. ४ डिसेंबर रोजीं तेथें फ्रँक झापा यांचा कार्यक्रम चालूं असतां आग लागून कॅसिनो जळालें. मग हिवाळ्यासाठीं बंद असलेल्या एका हॉटेलांत गाद्यांचे आडोसे उभारून त्यांनीं अल्बम पुरा केला. तो ‘मशीन हेड’. आणि त्या आगीवरचें गाणें म्हणजे ‘स्मोक ऑन द वॉटर’. आतां हा अल्बम कोणत्या कप्प्यांत घालावा? नांवानें तो स्टुडिओ अल्बम. पण स्टुडिओ असा तेथें नव्हताच.

त्याच बँडचे १५ व १६ ऑगस्ट १९७२ रोजीं ओसाका येथें व १७ रोजीं टोकियोच्या बुडोकानमध्यें कार्यक्रम झाले. त्यांचा ‘मेड इन जपान’ हा अल्बम मूळ जपानी बाजारापुरताच काढावयाचा होता. पुढें तो जगभर गेला. ‘मशीन हेड’मधलें साडेचार मिनिटांचें ‘स्पेस ट्रकिन्’ येथें सुमारें वीस मिनिटांचें झालें आहे.

आतां उलट उदाहरण पाहा. अमेरिकेच्या ‘किस’ या बँडचा १९७५ सालचा ‘अलाइव्ह!’ हा अल्बम रंगमंचावरील जल्लोषाबद्दल प्रसिद्ध आहे. पण त्यांतील पुष्कळ भागांची स्टुडिओंत दुरुस्ती झाली होती, हें पुढें त्या मंडळींनींच मान्य केलें. आयर्लंडच्या थिन लिझी या बँडचा १९७८ सालचा ‘लाइव्ह अँड डेंजरस’ हा तर अनेकांच्या मतें सर्वोत्कृष्ट लाइव्ह अल्बमांपैकीं एक. त्याचे निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनीं सांगितलें कीं त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश भाग मागाहून स्टुडिओंत वाजविलेला आहे. बँडच्या व्यवस्थापकांनीं हें नाकारून सांगितलें कीं तीन चतुर्थांश भाग मैफलींतलाच आहे. साक्षीदार दोघेहि प्रत्यक्ष कामांतले, अपूर्णांक तोच, आणि साक्ष नेमकी उलट! आणि साधेपणासाठीं वाखाणलेल्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’मध्यें देखील साथीच्या आवाजांचा कांहीं भाग नीट उतरला नव्हता, म्हणून तो मागाहून गाऊन भरण्यांत आला होता.

तेव्हां ‘लाइव्ह’ हा शब्द म्हणजे सत्याची मोहर नव्हे. तो एक दावा आहे, आणि प्रत्येक दाव्याप्रमाणें त्याचीहि तपासणी झाली पाहिजे. पण दुरुस्ती झाली म्हणून अल्बमची सारीच किंमत जाते काय? येथें आपण आरंभीं केलेले तीन प्रश्न कामास येतात. ‘हा अल्बम ऐकावयास उत्तम आहे’ हें विधान दुरुस्तीनंतरहि खरें असूं शकतें. ‘हा बँड त्या रात्रीं असाच वाजवीत होता’ हें विधान मात्र दुरुस्तीमुळें दुबळें होतें.

पांचगणीचा विद्यार्थी

या विषयाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रांतून जातो. झांझिबार येथें ५ सप्टेंबर १९४६ रोजीं एका पारशी कुटुंबांत जन्मलेला फारुख बलसारा हा मुलगा वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास पांचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्यें शिकावयास आला. वसतिगृहांत राहून तो तेथें पियानो शिकला, आणि शाळासोबत्यांच्या ‘हेक्टिक्स’ नांवाच्या बँडमध्यें वाजवूं लागला. हाच पुढें ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगप्रसिद्ध झाला.

क्वीनचें १९७५ सालचें ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हें गाणें आपल्या वादावर चांगला प्रकाश टाकतें. त्याच्या मधल्या, ऑपेरासारख्या भागांत तिघांचे आवाज पुन्हां पुन्हां एकमेकांवर चढवून मोठ्या गायकवृंदाचा आभास केला आहे. रंगमंचावर चार माणसांना तें शक्य नव्हतें. मग त्यांनीं काय केलें? तो भाग आला कीं ते सरळ रंगमंचावरून निघून जात, मुद्रित फीत वाजे, दिव्यांचा खेळ चाले, आणि शेवटच्या भागाला ते परत येत. १९७९ सालच्या ‘लाइव्ह किलर्स’ या त्यांच्या अल्बममध्यें हें तसेंच ठेवलेलें आहे. यांत लपवाछपवी नाहीं. हा भाग स्टुडिओचा, हा आमचा, असें त्यांनीं श्रोत्यांसमोर उघड मांडलें. पुढें १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्यें ‘लाइव्ह एड’च्या कार्यक्रमांत त्यांना सुमारें वीस मिनिटेंच मिळालीं. तेव्हां त्यांनीं याच गाण्याचा केवळ पहिला भाग घेतला, आणि मग सर्व श्रोते एका तालांत टाळ्या वाजवूं शकतील अशा ‘रेडिओ गा गा’ या गाण्याकडे ते वळले. स्टुडिओंत काय शोभतें व मैदानांत काय शोभतें हें ज्याला कळतें, त्याला दोन्ही कला साध्य होतात.

निवाडा कसा करावा

आतांपर्यंतच्या उदाहरणांवरून वाद करणाऱ्यांसाठीं कांहीं नियम काढतां येतात.

पहिला नियम : प्रत्येक कृति तिनें जें करावयाचें ठरविलें त्यावरून तोलावी. ‘सार्जंट पेपर’ला मैफलीच्या मापानें मोजूं नये, व ‘लीड्स’ला स्टुडिओच्या सफाईच्या मापानें मोजूं नये.

दुसरा नियम : तुलना करावयाची ती सारख्यांची करावी. एकाचें सर्वोत्तम गाणें व दुसऱ्याचें सामान्य गाणें यांची तुलना म्हणजे तराजूची एक पारडी बोटानें दाबणें होय. उत्तम मार्ग हा, कीं एकाच बँडचें एकच गाणें स्टुडिओंतलें व मैफलींतलें असें लागोपाठ ऐकावें, आणि काय गेलें व काय आलें हें लिहून काढावें.

तिसरा नियम : खप हा पुरावा आहे, पण कशाचा, तें पाहावें. पीटर फ्रॅम्प्टन यांचा ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!’ हा अल्बम १९७६ सालीं अमेरिकेंत एकंदर दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यांतलींच गाणीं आधींच्या स्टुडिओ अल्बमांत असतांना एवढीं गाजलीं नव्हतीं. यावरून मैफलीनें त्या गाण्यांना लोकांपर्यंत पोंचविलें हें सिद्ध होतें. फ्रॅम्प्टन हे सर्वांत श्रेष्ठ वादक होते, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

चौथा नियम : एका अल्बमवरून बँडविषयीं अखेरचा निकाल देऊं नये. अमेरिकेच्या ग्रेटफुल डेड या बँडनें दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले, आणि श्रोत्यांना ते ध्वनिमुद्रित करूं दिले. १९८४ पासून तर अशा श्रोत्यांसाठीं निराळी जागा राखून ठेवण्यांत येऊं लागली. त्यामुळें त्यांचे जाणकार चाहते ‘कोणता अल्बम’ असें न विचारतां ‘कोणती रात्र’ असें विचारतात. ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठांतील रात्र अशीच नांवाजली गेली.

पांचवा नियम सर्वांत कठीण आहे. आपलें मत कशानें बदलेल हें आधींच सांगावें. ज्या मताला बदलविणारा पुरावा त्याच्या धन्यालाच सुचत नाहीं, तें मत नसून निव्वळ आवड होय. आवड असण्यांत लाज नाहीं. पण आवड ही वादाची वस्तु नव्हे. ‘मला हा बँड आवडतो’ या वाक्यास कोणीहि उत्तर देऊं शकत नाहीं, व देण्याचें कारणहि नाहीं. ‘हा बँड श्रेष्ठ आहे’ असें म्हटलें कीं मात्र कारणें द्यावीं लागतात.

हा नियम प्रथम मीच पाळतों. माझ्या मतें वर सांगितलेल्या लाइव्ह अल्बमांत ‘ॲट फिलमोर ईस्ट’ हा श्रेष्ठ होय. कारण त्यांतला मुख्य गुण, सहा जणांनीं एकमेकांचें ऐकून त्या क्षणीं रचना करणें, हा लाइव्ह अल्बमखेरीज दुसरीकडे मिळणें दुर्घट आहे. तो संवाद बव्हंशीं मागाहून स्टुडिओंत भरलेला होता असें कोणी दाखवून दिलें, तर माझें हें मत टिकणार नाहीं. आणि ‘लीड्स’चा कैवारी म्हणेल कीं चार माणसांचा असा आवेश दुसऱ्या कोणत्याच ध्वनिमुद्रिकेंत नाहीं, तर त्याचें म्हणणें सबळ आहे हें मला कबूल करावें लागेल. तो आवेशाला अग्रमान देतो, मी संवादाला. असें झालें म्हणजे आमचा मतभेद नेमका कोठें आहे हें दोघांनाहि दिसतें, आणि हेंच वादाचें खरें फळ होय.

पालकांस दोन शब्द

आमच्या पिढीची एक खोड पालकांनीं ओळखून ठेवावी. ‘आमच्या वेळचें संगीत तें संगीत, आतांचें सगळें गोंगाट’ असें आपण सहज बोलून जातों. पण १९७० च्या सुमारास निघालेल्या असंख्य तबकड्यांपैकीं आज कानीं पडतात त्या मोजक्याच. काळाच्या चाळणींतून जें पडावयाचें तें पडून गेलें. राहिलें तें निवडक. त्या निवडक धान्याची तुलना आपण आजच्या न पाखडलेल्या राशीशीं करतों. हा न्याय नव्हे. उलट, मुलांनींहि ‘जुनें तें बुरसटलेलें’ असें म्हणण्यापूर्वीं त्यांतील एक तरी गाणें आरंभापासून शेवटपर्यंत, मध्यें न थांबवितां ऐकावें. तेवीस मिनिटें एका जागीं बसून ऐकणें ही आज लहान शिस्त नव्हे.

आणि ऐकण्याची ही संवय संगीतापुरती राहत नाहीं. फिलमोरच्या त्या दोन गिटारवादकांपैकीं प्रत्येकाला एकट्यानें सारी मैफल गाजवितां आली असती. तरीहि एक वाजवीत असतां दुसरा ऐकत राही, आणि आपली पाळी आली कीं सोबत्यानें सोडलेल्या सुरापासूनच आरंभ करी. सभेंत, वर्गांत किंवा घरच्या जेवणाच्या पाटावर ज्याला प्रतिपक्षाच्या शेवटच्या वाक्यापासून आपलें बोलणें सुरू करतां येतें, त्याच्याशीं वाद करण्यांत आनंद असतो, आणि त्याचा मुद्दा हरला तरी मैत्री हरत नाहीं.

अभ्यासासाठीं

१. ‘माय जनरेशन’ अथवा ‘व्हिपिंग पोस्ट’ या गाण्याचीं स्टुडिओ व लाइव्ह अशीं दोन्ही रूपें ऐकून, मैफलींत काय मिळालें व काय गमावलें, याचीं प्रत्येकीं तीन उदाहरणें लिहा.

२. ‘लाइव्ह अल्बममध्यें मागाहून दुरुस्ती करणें ही श्रोत्यांची फसवणूक होय’ या विषयावर प्रथम अनुकूल व मग प्रतिकूल असें प्रत्येकीं पंधरा ओळींत लिहा. दोन्ही बाजू सारख्याच जोरानें मांडल्या गेल्या आहेत कीं नाहीं हें शेजारच्या विद्यार्थ्याकडून तपासून घ्या.

३. आपल्या आवडत्या बँडविषयीं एक विधान करा, आणि कोणता पुरावा मिळाल्यास तें मागें घ्याल हें त्याखालीं लिहा. खालची ओळ कोरी राहिली, तर वरचें विधान पुन्हां वाचा.